राजनिष्ठेची शपथ, आयर्लंडमधील

६ डिसेंबर १९२१ रोजी लंडन येथे झालेल्या अँग्लो-आयरिश करारान्वये आयरिश फ्री स्टेटच्या (ब्रिटिश साम्राज्यांतर्गत स्वायत्त आयरिश राज्याच्या) लोकप्रतिनिधींवर बंधनकारक झालेली शपथ. तिच्या पहिल्या भागात नव्या राज्याच्या संविधानाशी निष्ठा होती आणि दुसऱ्या भागात राजा पाचवा जॉर्ज व त्याचे वारस यांच्याशी इमान राखण्याचे वचन होते. या दुसऱ्या भागामुळे आयरिश राष्ट्रवादी चळवळ दुभंगली.

ब्रिटिश सत्तेचा विरोध आणि राजपदाचा विरोध या आयर्लंडमध्ये मुळात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १६९० मध्ये बॉइनच्या लढाईत आयरिश कॅथलिक दुसऱ्या जेम्स राजाच्याच बाजूने लढले. १७९८ च्या उठावात वुल्फ टोन यांच्या सहकाऱ्यांनी प्रजासत्ताकाची कल्पना रुजवली, तरी पुढच्या पिढीचे पुढारी डॅनियल ओ'कॉनेल यांना हवी होती ती त्याच राजाच्या छत्राखालची स्वतंत्र आयरिश संसद. १९०४ मध्ये आर्थर ग्रिफिथ यांनीही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या धर्तीवर एक राजा आणि दोन संसदा अशी योजना मांडली होती. मात्र १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि साधारण तितक्यांनीच देश सोडला. त्याची आठवण घराघरांत राहिली आणि व्हिक्टोरियाला ‘दुष्काळाची राणी’ हे नाव चिकटले. एप्रिल १९१६ च्या ईस्टर उठावानंतर १५ जणांना गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा राजपदाशी तडजोड करू पाहणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आयर्लंडकडून ‘होमरूल’ हा शब्द घेऊन लोकमान्य टिळकांनी बेळगावात आपला संघ स्थापला, तोही याच महिन्यात. पण आयर्लंडमध्ये त्या मागणीचे दिवस तोवर सरत आले होते.

करारावरील चर्चेत डॉल या आयरिश प्रतिनिधिगृहाने उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे ठेवणाऱ्या फाळणीपेक्षा शपथेवर कितीतरी अधिक वेळ खर्च केला. करारावर सही करणारे मायकेल कॉलिन्स यांच्या मते करारामुळे पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, पण ते मिळवण्याची मोकळीक मिळत होती. ईमन डी व्हॅलेरा आणि त्यांच्या बाजूच्या सभासदांना मात्र जाहीर झालेल्या प्रजासत्ताकाशी तो द्रोह वाटत होता, कारण त्यांनी आधी त्या प्रजासत्ताकाची शपथ घेतलेली होती. या आक्षेपाला नुसता शब्दच्छल म्हणणे अन्यायाचे होईल. ७ जानेवारी १९२२ रोजी करार ६४ विरुद्ध ५७ मतांनी संमत झाला, जूनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि २२ ऑगस्टला कॉलिन्स मारले गेले.

डी व्हॅलेरा आणि त्यांच्या फियाना फॉल पक्षाने १९२७ मध्ये ‘हा केवळ पोकळ उपचार आहे’ असे सांगत, बायबल बाजूला ठेवून शपथेच्या नोंदवहीत सह्या केल्या आणि सभागृहात प्रवेश केला. पाच वर्षांपूर्वी ही वाट का काढता आली नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिकच बोचतो. सत्तेवर आल्यावर त्यांनी १९३३ मध्ये शपथ रद्द केली. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डच्या राजत्यागाची संधी साधून अंतर्गत कारभारातून राजाला वगळण्यात आले. १८ एप्रिल १९४९ रोजी आयर्लंड प्रजासत्ताक झाले आणि राष्ट्रकुलाबाहेर पडले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत लंडन जाहीरनाम्याने भारताला प्रजासत्ताक असूनही राष्ट्रकुलात राहण्याची मुभा दिली.

स्वतंत्र आयर्लंडला ब्रिटिश राजपदाने पहिली भेट दिली ती मे २०११ मध्ये. दुसऱ्या एलिझाबेथ राणीने डब्लिनच्या स्मृतिउद्यानात, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढताना मेलेल्यांसमोर, मान झुकवली आणि भोजनप्रसंगीच्या भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत केली. तिचे नातलग लॉर्ड माउंटबॅटन १९७९ मध्ये स्लायगोच्या किनाऱ्याजवळ आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटात मारले गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भेटीचे वजन कळते. शपथेचा प्रश्न उत्तर आयर्लंडपुरता मात्र अजून जिवंत आहे. वेस्टमिन्स्टरच्या संसदेत बसण्यासाठी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि शिन फेन या आयरिश प्रजासत्ताकवादी पक्षाला ती व त्या संसदेचा आयर्लंडवरील अधिकार दोन्ही अमान्य असल्याने, २०२४ मध्ये निवडून आलेल्या त्यांच्या ७ सदस्यांनीही तेथील जागा घेतलेल्या नाहीत.