ओलांडच्या बेटावर जमीन घ्यायचीय? 'हेमब्यूग्ड्सरेट'चा अर्ज नेमका कुठे अडकतो

सोट्टुंगा ही फिनलंडच्या ओलांड या स्वायत्त बेटसमूहातली पालिका, देशातली सर्वांत लहान. वस्ती शंभराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी वाडीच. लोंगनेसच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडायची की पोचलात. बेट बघून आलेला माणूस हमखास विचारतो, "इथे एखादं छोटं घर घेता येईल का?"

भाड्याने राहायला कोणी अडवत नाही. पण जमीन स्वतःच्या नावावर करायची, तर ओलांडचा हेमब्यूग्ड्सरेट, म्हणजे तिथला अधिवासाचा हक्क लागतो. ओलांडच्या संसदेसाठी मतदान करायला किंवा उभं राहायलाही तोच लागतो. 'माझ्याकडे फिनलंडचा पासपोर्ट आहे' एवढ्याने भागत नाही आणि पहिला गैरसमज इथेच होतो. १९२१ साली राष्ट्रसंघाने ही बेटं फिनलंडकडे ठेवली, ती तिथली स्वीडिश भाषा आणि जमीन राखण्याच्या हमीवर. त्यामुळे टेबलापलीकडचा माणूस मुद्दाम अडवतोय असं समजू नका.

स्वायत्ततेच्या कायद्यात अटी तीनच आहेत: फिनलंडचं नागरिकत्व, ओलांडमध्ये सलग पाच वर्षं वास्तव्य आणि समाधानकारक स्वीडिश. त्या पूर्ण असतील तर सबळ कारणाशिवाय अर्ज नाकारता येत नाही. अर्ज ओलांडच्या राजधानीत, मारिएहामनला, तिथल्या प्रांतिक सरकारकडे करायचा. बेटावरच्या पालिकेत तो घेत नाहीत, तिथे जाऊन दिवस घालवू नका.

आता मुख्य घोळ, वर्षांचा. फिनलंडचं नागरिकत्व मिळवायला १ ऑक्टोबर २०२४ पासून साधारण आठ वर्षांचं वास्तव्य लागतं (काही जणांना सवलत आहे, ती आपापल्या प्रकरणाप्रमाणे तपासा). ही आठ वर्षं देशात कुठेही राहिलात तरी धरली जातात. हेमब्यूग्ड्सरेटची पाच मात्र फक्त ओलांडमधली. मुख्य भूमीवरच्या एस्पो शहरात दहा वर्षं काढून बेटावर आलेल्या माणसाची पाटी इथे कोरी असते. आणि 'सलग' म्हणजे सलग. तुमचं खरं राहतं घर तिथे हवं. नोकरी आणि कुटुंब मुख्य भूमीवर तुर्कूला, आणि उन्हाळ्यापुरतं बेटावर, असा प्रकार चालत नाही. पत्ता बदलल्याची नोंद स्थलांतरानंतर आठवड्याच्या आत करायची असते. ती 'करू सावकाश' म्हणून राहते आणि पुढे तारखा जुळवताना नाकी नऊ येतात.

दुसरा खडा भाषेचा. नागरिकत्वासाठी फिनिश किंवा स्वीडिश, कोणतीही एक चालते. आपली मंडळी नोकरीच्या गावी फिनिश शिकतात, परीक्षा देतात, नागरिक होतात आणि तेच प्रमाणपत्र इथे जोडतात. ओलांडची अधिकृत भाषा एकच, स्वीडिश. फिनिशचं प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही. बेटावर जायचा विचार पक्का असेल तर पहिल्यापासून स्वीडिशच शिका. एकाच परीक्षेत दोन्ही कामं होतील.

तिसरी अडचण आपल्या घरची. कुटुंबाची नोंद फिनलंडच्या लोकसंख्या नोंदवहीत करताना लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला अपोस्टिल करून (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) मागतात. आपल्याकडचे कित्येक जन्मदाखले असे, की आईवडिलांची नावं आहेत, शिक्का आहे आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा! शाळा सोडल्याचा दाखला पुढे करून तिथे काही होत नाही. ज्या पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्म नोंदवला, तिथून नाव घालून नवा दाखला घ्या, मग राज्य सरकारचं साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. बायकोचं नाव लग्नाआधीच्या कागदांवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर त्याचाही निकाल भारतात असतानाच लावा. परदेशातून पाठपुरावा करताना एकेका सहीसाठी गावातल्या भावाला हेलपाटे घालावे लागतात.

हक्क मिळण्याआधीच जमीन हवी असेल तर प्रांतिक सरकारची वेगळी परवानगी लागते. ती हातात येईपर्यंत विसार देऊ नका, विकणारा कितीही ओळखीचा असो.

मुलांचं सोपं आहे: फिनलंडचं नागरिक असलेलं, ओलांडमध्ये राहणारं अठरा वर्षांखालचं मूल आई किंवा वडिलांपैकी एकाला हक्क असला की पात्र ठरतं. फिनलंडच्या सक्तीच्या लष्करी सेवेतली सूट मात्र बारा वर्षांचं होण्याआधी बेटावर आलेल्यांनाच. मिळालेला हक्क कायमचा आहे असंही धरू नका. ओलांड सोडून पाच वर्षांहून जास्त बाहेर राहिलात की तो जातो.

आणि भारतीय पासपोर्ट. फिनलंडचं नागरिकत्व स्वीकारलं की भारताचं त्याच क्षणी संपतं, जुन्या पासपोर्टवर कितीही वर्षं शिल्लक असोत. त्यावर प्रवास करणं गुन्हा आहे. तो दूतावासात जमा करून तसा दाखला घ्या, मग ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) अर्ज करा, आणि गणपतीला घरी जायचं तिकीट त्यानंतर काढा.