कम्युनिटी पोलिसिंग आणि पोलिसांच्या वर्तनाचे नियंत्रण : दोन वेगळी कामे

पोलीस दलावरचा विश्वास ढासळला की सुधारणेच्या आराखड्यात कम्युनिटी पोलिसिंग आणि पोलिसांच्या वर्तनाचे नियंत्रण ही दोन्ही कलमे बहुधा जोडीनेच येतात. पहिले राबवले की दुसरे आपोआप साधते, असा समज त्यातून रूढ होतो आणि तो चुकीचा आहे.

कम्युनिटी पोलिसिंग ही काम करण्याची पद्धत आहे. एका भागात तेच अंमलदार दीर्घकाळ नेमणे, रहिवाशांच्या बैठका घेणे आणि वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींची मुळे इतर खात्यांच्या मदतीने शोधणे, असे तिचे स्वरूप असते. पोलिसांनी कोणत्या कामाला प्राधान्य द्यावे, हे ती ठरवते.

वर्तनाचे नियंत्रण मात्र विशिष्ट पोलिसाने विशिष्ट प्रसंगी आपला अधिकार नियमांत राहून वापरला का, हे तपासते. बळाच्या प्रत्येक वापराची नोंद, तक्रारींची चौकशी आणि दोष सिद्ध झाल्यास ताकीद देण्यापासून बडतर्फीपर्यंतची कारवाई ही त्याची साधने होत. एकेकटी पाहिलेली तक्रार बहुतेकदा पुराव्याअभावी निकालात निघते. त्याच व्यक्तीविरुद्धच्या तक्रारी एकत्र मांडल्या की चित्र बदलते. लॉस एंजेलिस पोलीस दलाची पाहणी करणाऱ्या क्रिस्टोफर आयोगाला 1991 मध्ये असे आढळले, की 1986 ते 1990 या काळात अतिरेकी बळ किंवा अयोग्य कार्यपद्धतीचे आरोप झालेल्या सुमारे 1,800 अधिकाऱ्यांपैकी 1,400 हून अधिक जणांवर एक-दोनच आरोप होते, तर 44 जणांवर प्रत्येकी सहा किंवा अधिक. हे रहिवाशांच्या बैठकीत उघड होणे शक्य नव्हते, कारण रात्री रस्त्यात अडवला गेलेला तरुण अशा बैठकीला क्वचितच येतो. (शिवाय बैठकीला पाठवले जाणारे पोलीसही साधारणतः मृदुभाषीच असतात.)

शिकागोचे उदाहरण बोलके आहे. तेथे 1993 मध्ये पाच पोलीस जिल्ह्यांत सुरू झालेला कम्युनिटी पोलिसिंगचा कार्यक्रम पुढे शहरभर पसरला आणि अमेरिकेत नावाजला गेला. तरीही 2017 च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय विभागाने त्याच दलात अवाजवी बळाच्या वापराचा प्रघात आणि सदोष चौकशी यंत्रणा असल्याचा निष्कर्ष काढला.

दोहोंचे मोजमापही निराळे आहे. लोकांचा विश्वास वाढला, की पूर्वी गप्प बसणारेही तक्रार करू लागतात, म्हणून तक्रारींचा वाढता आकडा दर वेळी बिघडलेल्या वर्तनाचाच पुरावा नसतो. दुसरीकडे, एकाच भागात वर्षानुवर्षे असलेल्या अंमलदाराच्या हाती निर्णयस्वातंत्र्य जास्त येते आणि ओळखीपाळखीतून पक्षपाताची शक्यताही वाढते. त्यामुळे कम्युनिटी पोलिसिंग जितके खोलवर रुजते, तितकी वर्तनावरील देखरेखीची गरज वाढते. त्या अंमलदाराविरुद्धची तक्रार त्याच्याच चौकीत नोंदवावी लागत असेल, तर ती देखरेख नावापुरतीच राहते. इंग्लंड व वेल्समध्ये गंभीर प्रकरणांसाठी पोलीस दलाबाहेरची स्वतंत्र चौकशी संस्था आहे, ती याच कारणासाठी.