दहाने गुणू नका: आरसी रेसकारचा खरा वेग

भाच्यासाठी आणलेल्या आरसी (रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या) रेडी-टू-रन रेसकारच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय: ‘स्केल स्पीड ताशी ५०० किमी’, म्हणजे खऱ्या कारच्या मापात मोजलेला वेग. गाडी १:१० मापाची, म्हणजे खऱ्या कारच्या एक दशांश लांबीची; प्रत्यक्ष वेग ताशी ५० किमी. दहाने गुणलं, झाले ५००. आरसीच्या दुनियेत हा हिशेब सर्रास चालतो, जाणती माणसंही तो छातीठोकपणे सांगतात आणि तो साफ चुकीचा आहे. का चुकीचा, हे कळलं की अशी गाडी पहिल्यांदा चालवताना जे जे अनुभवाला येतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

आधी गाडीबद्दल थोडं. रेडी-टू-रन म्हणजे मोटर, स्पीड कंट्रोलर, स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर हे सगळं कारखान्यातच बसवून आलेलं. बॅटरी आणि चार्जर खोक्यात असतीलच असं नाही, ते घेण्याआधी बघावं. चार क्लिपा काढल्या की पॉलिकार्बोनेटची पातळ बॉडी अलगद हातात येते. खाली सपाट चासी, एका कडेला बॅटरीची खाच आणि चारही चाकांशी सिलिकॉन तेल भरलेले इवलेसे शॉक अब्जॉर्बर. चासी बोटाने दाबून सोडा: ती उसळत नाही, सावकाश वर येऊन थांबते. आत भोकं असलेली एक चकती तेलातून सरकते आणि धक्क्याची ऊर्जा तेलात जिरते. बऱ्याच महागड्या खेळण्यांत नुसती स्प्रिंग असते. इथे खऱ्या गाडीतली यंत्रणा आहे.

मैदानात मात्र पहिली काही मिनिटं भंबेरी उडते. रिमोटचा ट्रिगर जरा जास्त ओढला की मागच्या चाकांची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. ती आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं. कुंपणावर आदळते, दोन कोलांट्या खाते आणि सरळ केली की काही झालंच नाही अशी पुन्हा सुसाट. इतकी अनावर का आणि तरी इतकी चिवट का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. गाडी दहापट लहान केली तरी g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) लहान होत नाही, तो ९.८च राहतो. १ मीटरवरून सोडलेली वस्तू ०.४५ सेकंदात जमिनीवर येते, १० सेंटिमीटरवरून सोडलेली ०.१४ सेकंदात. अंतर दहापट कमी झालं, पण वेळ कमी झाला फक्त ३.१६ पट, म्हणजे दहाच्या वर्गमुळाइतका. एक दशांश अंतर, सुमारे एक तृतीयांश वेळ. म्हणून वेगही सुमारे एक तृतीयांश. वळणावरही तेच. शाळेतलं सूत्र आठवा: वळताना लागणारं त्वरण v²/r (v वेग, r वळणाची त्रिज्या). टायरची पकड गाडीच्या वजनावर, म्हणजे पुन्हा g वर अवलंबून. वळणाची त्रिज्या दहापट लहान झाली, तर पकड सुटण्याच्या बेतात असलेल्या गाडीचा v² दहापट कमी असणार आणि v ३.१६ पट.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांसाठी नेमका हाच प्रश्न सोडवला. १८७० च्या दशकात टॉर्की इथे त्याने लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढल्या. v² भागिले gL (L म्हणजे लांबी) ही संख्या दोन्हीकडे सारखी ठेवली, तर छोट्या प्रतिकृतीच्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्याच उठतात. हाच नियम आपल्या गाडीला लावला की ताशी ५० गुणिले ३.१६, म्हणजे ताशी १५८ किमी. हवेचा रोध आणि टायरचं रबर हा नियम काटेकोर पाळत नाहीत, पण ५०० च्या आसपासही आपण जात नाही. ट्रॅक्सस कंपनीची एक्सओ-१ ही १:७ मापाची गाडी खरोखर ताशी १६० किमी गाठते. तिला ७ ने गुणलं तर ११२० होतात, ध्वनीच्या वेगाच्या जवळ! वर्गमुळाने येतात सुमारे ४२५ आणि तेही काही कमी नाहीत.

आता खरी गंमत. छोट्या गाडीच्या जगात सगळं तिप्पट घाईने घडतं. खरी कार खड्ड्यातून गेली की सेकंदाला साधारण दीड हेलकावा खाते. त्याच प्रमाणात ही जवळजवळ पाच. म्हणजे एका हेलकाव्याला ०.२ सेकंद. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. गाडी लहान झाली, चालवणारा झाला नाही! ताशी ५० ने ०.२ सेकंदात ती २.८ मीटर जाते, स्वतःच्या लांबीच्या सहापट. ताशी १५८ ने धावणारी खरी कार तेवढ्याच वेळात दोन लांबी जाते.

त्यात मोटरची भर. बल लांबीच्या घनाने कमी होतं, वेग वर्गमुळाने, म्हणून शक्ती लांबीच्या ३.५ व्या घाताने. ७५ किलोवॉटच्या कारची इमानदार प्रतिकृती २४ वॉटवर धावायला हवी. पण ७.४ व्होल्टच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर ४० अँपिअर ओढणारी ब्रशलेस मोटर जवळपास ३०० वॉट घेते, म्हणजे दहापटीहून जास्त. मागच्या चाकांची पकड सुटणारच.

चिवटपणाचं उत्तर गॅलिलिओने १६३८ मध्येच देऊन ठेवलंय. १५०० किलोच्या कारची १:१० प्रतिकृती १.५ किलोची, कारण वजन हजारपट घटतं. पण भागांची मजबुती त्यांच्या काटछेदाबरोबर शंभरपटच घटते. म्हणजे वजनाच्या मानाने ही गाडी दहापट दणकट.

बॅटरीवरच्या दाव्यांकडेही असंच बघावं. ५००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे ५ अँपिअर-तास) क्षमतेच्या पॅकवर ‘१००सी’, म्हणजे क्षमतेच्या शंभरपट प्रवाह, असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ ५०० अँपिअर. तेवढा प्रवाह सलग वाहिला तर पॅकच्या तारा टिकणार नाहीत. आकडा मोठा आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

चालवताना रिमोट आधी चालू करा आणि गाडी नंतर; बंद करताना उलट. रिमोटवर थ्रॉटलची (मोटरला मिळणाऱ्या जोराची) मर्यादा असेल तर सुरुवातीला ५० टक्क्यांवर ठेवा, गाडी समोरून आडवी नेत-आणत सराव करा. काही मॉडेलांत जायरो (गाडीचं फिरणं ओळखणारा सेन्सर) असतो. मागचा भाग घसरू लागला की तो आपल्या बोटांच्या कितीतरी आधी स्टिअरिंग उलट वळवतो. सुरुवातीला तो पूर्ण चालू ठेवावा, मग हात बसेल तसा थोडा थोडा कमी करत जावा.