मॉरिशसच्या सुट्ट्यांच्या यादीमागचा इतिहास

मॉरिशसच्या सरकारी सुट्ट्यांची यादी वाचताना मराठी माणूस थबकतो, कारण दिवाळी, महाशिवरात्र, ईद आणि नाताळ यांच्याबरोबर त्यात गणेश चतुर्थीही असते. शिवाय तमिळांची थैपुसम कावडी, तेलुगू लोकांची उगादी आणि चिनी नववर्ष. साधारण साडेबारा लाख वस्तीच्या देशाचं हे पंचांग. पण हे सण एका बेटावर कसे जमले ते कळायचं, तर याच यादीतल्या दोन वेगळ्या तारखा आधी पाहायला हव्यात. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले, मजूर बेटावर पोचल्याचा.

मॉरिशसला आदिवासी समाज नाही. आज तिथे राहणाऱ्या प्रत्येकाचे पूर्वज कुठून तरी समुद्र ओलांडून आले. डच १५९८ मध्ये उतरले, त्यांनी बेटाला राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं आणि १७१० मध्ये ते कायमचे निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले, पाँडिचेरीकडून कारागीर आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रूढी तशाच ठेवायचं मान्य केलं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं आणि वळण फ्रेंच, अशी जी घडी बसली ती अजून मोडलेली नाही. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच आणि घरात, बाजारात, बसमध्ये क्रिओल.

ही क्रिओल मळ्यांवर घडली. वेगवेगळ्या मुलखांतून ओढून आणलेल्या गुलामांना एकमेकांशी आणि मालकाशी बोलायला काहीतरी हवं होतं, त्यातून ती आली. आज देशात सगळ्यांना जोडणारी भाषा तीच, तरी प्राथमिक शाळेत विषय म्हणून ती २०१२ मध्ये पोचली. सेगा हे गाणं-नाचणंही गुलामांचंच. बकऱ्याचं कातडं ताणलेलं रावान हे वाद्य आधी आगीवर शेकायचं आणि मग त्यावर ठेका धरायचा. युनेस्कोने २०१४ मध्ये सेगाला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाला हात हवेच होते. ते हिंदुस्थानातून आणायची सोय त्याआधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर राजधानी पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख. सर्वांत जास्त भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून. त्याखालोखाल मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून गेलेले त्यामानाने थोडे, ज्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं होती. १८४९ पासून सगळ्यांची नोंद बंदरावरच्या डेपोत होई. त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. तिथे माणसाला नंबर मिळे. कारकुनाला जसं ऐकू येई तसं नाव लिहिलं जाई आणि अनेक घरांत आजोबांचं नावच पुढे आडनाव झालं. मळ्यावर एक दिवस कामाला आलं नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापत. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे जे मोठे ढीग दिसतात, त्यांतले कितीतरी याच मजुरांनी जमीन मोकळी करताना रचले.

दिवसभराच्या कामानंतर मजूर 'बैठके'त, म्हणजे वस्तीतल्या सामाईक जागेत, जमत. तिथे रामायण वाचलं जाई, मुलांना अक्षरं शिकवली जात. भोजपुरी बायकांची लग्नाची गाणी, गीत-गवई, अशा वस्त्यांमधूनच टिकली. मराठी वस्त्यांमध्ये टिकला गणपती, आणि त्याच्यापुढे फेर धरून नाचायची 'झाकरी'. कोकणातला जाखडी नाच पाहिलेल्याला ती लगेच ओळखू येईल. आता बहुतेक मराठी घरांतही क्रिओलच बोलतात. मराठी ही पूर्वजांची भाषा म्हणून मुलं शाळेत शिकतात. मला या इतिहासातलं सर्वांत हलवून टाकणारं हेच वाटतं, की बोलणं निसटलं तरी फेर आणि आरती पाच-सहा पिढ्यांनी सोडली नाही.

खाणं मात्र कुणा एका समाजाचं राहिलं नाही. मजुरांच्या शिध्यात तांदूळ आणि डाळ असे. बिहारची दालपुरी तिथे 'धोल पुरी' झाली आणि आज ती रस्त्यावरचं देशाचं खाणं आहे. मऊ पातळ पुरीत शिजवून वाटलेली डाळ, वर पावट्याचा रस्सा, टोमॅटोची 'रुगाय' आणि चटणी, आणि विकायची ती जोडीनेच. डाळीचे छोटे तिखट वडे, 'गातो पिमा', लोक सकाळी फ्रेंच पद्धतीच्या पावात घालून खातात. परतलेल्या नूडल्स चिन्यांच्या, पण हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळेच त्या खातात. गावोगावच्या चिनी दुकानदारांनी मळ्यावरच्या कुटुंबांना वहीवर उधार दिलं, पगार होईपर्यंत चूल त्यावर चाले. एकमेकांच्या चवी कळल्या त्या अशा व्यवहारातून.

देवस्थानांचंही तसंच. महाशिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांतले लाखो लोक कावड घेऊन गंगा तलाव या पवित्र सरोवराकडे चालत जातात. सप्टेंबरमध्ये पेर लावाल या फ्रेंच पाद्र्याच्या समाधीला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही जातात, कारण मोकळ्या झालेल्या गुलामांमध्ये राहून सेवा करणारा हा माणूस सगळ्यांनाच आपला वाटतो.

पर्यटनाच्या जाहिराती याला 'इंद्रधनुष्यी देश' म्हणतात. त्यात खोटं नाही, पण ते अपुरं आहे. १२ मार्च १९६८ च्या स्वातंत्र्याआधी काही आठवडेच पोर्ट लुईत दंगली झाल्या होत्या आणि १९९९ मध्ये काया या गायकाचा कोठडीत मृत्यू झाल्यावर पुन्हा. गुलामांच्या वंशजांना जमीन आणि संधी कमी मिळाली, ही तक्रार आजही जिवंत आहे. राज्यघटना लोकांची हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेल्या सगळ्यांचा 'सर्वसाधारण' अशा चार समाजांत विभागणी करते. संसदेच्या जास्तीत जास्त आठ जादा जागा हा हिशेब पाहून भरल्या जातात, जेणेकरून कुठला समाज वगळला जाऊ नये. पण समाज विचारणारी शेवटची जनगणना १९७२ मध्ये झाली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने उमेदवारांवरच्या समाज जाहीर करण्याच्या सक्तीवर आक्षेप घेतला, २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती उठली, आणि समाजांचा मूळ हिशेब मात्र १९७२ च्याच आकड्यांवर राहिला.