दिवसाची पहिली सिगारेट

सिगारेट ओढणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसभरातली सगळ्यात भारी कोणती? बहुतेक जण सांगतील, सकाळची पहिली. बाकीच्या बऱ्याचशा ओढल्याचं नीट आठवतही नाही. हात खिशात जातो, काडी पेटते, थोटूक विझतं, झालं. पाकीट तेच, तंबाखू तीच, मग सकाळी लागणारी किक दुपारी कुठे जाते? या साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला की निकोटिनच्या व्यसनाची बरीचशी यंत्रणा हाती लागते. डॉक्टरही हा धागा धरतात. व्यसन किती मुरलंय हे मोजण्याच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत ‘उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता?’ या प्रश्नाला मोठं वजन आहे. पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं की सर्वाधिक गुण. हे गुण मिळवून कुणी खूश होत नाही, ते वेगळं.

निकोटिन हे मुळात कीटकनाशक. तंबाखूचं झाड ते मुळांत बनवतं आणि पानांत साठवतं, पानं कुरतडणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त म्हणून. किड्यांच्या चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन वापरतात आणि निकोटिन त्याचं सोंग घेऊन मध्ये घुसतं. आपल्या चेतापेशीही तेच रसायन वापरतात, म्हणून आपणही या सोंगाला फसतो.

हे फसणं कुठे घडतं याचा माग केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी 1905 मध्ये काढला. कोंबड्यांच्या स्नायूंवर निकोटिन टाकलं की ते आखडत. स्नायूकडे येणारी नस निकामी झालेली असली तरीही आखडत. मग क्युरारे हे विष दिलं की थांबत. म्हणजे निकोटिन नसेवर नाही, स्नायूच्या पेशीवरच्याच कशावर तरी बसत होतं. लँग्लींनी त्याला ‘ग्रहणशील पदार्थ’ म्हटलं. आज आपण त्याला रिसेप्टर म्हणतो. आधुनिक औषधशास्त्राचा निम्मा डोलारा ज्या कल्पनेवर उभा आहे, तिच्या जन्माला निकोटिन हजर होतं, ही मला नेहमीच गंमत वाटते.

आता धुराबरोबर आत जाऊ. झुरका फुप्फुसात गेला की दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथे ते मध्यमेंदूतल्या काही चेतापेशींना चेतवतं आणि त्या डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सोडतात. या पेशींना लगाम घालणाऱ्या दुसऱ्या पेशीही तिथे असतात. निकोटिन त्यांनाही आधी चेतवतं, पण त्यांचे रिसेप्टर काही मिनिटांतच थकून गप्प होतात. उत्तेजन देणाऱ्या जोडण्यांवरचे रिसेप्टर वेगळ्या घडणीचे असतात, ते त्यामानाने टिकून राहतात. लगाम सुटलेला आणि टाच मारणं चालूच, त्यामुळे डोपामिन बराच वेळ चढं राहतं.

सकाळच्या कोड्याचं उत्तर त्या ‘गप्प होण्या’त आहे. निकोटिन फार वेळ चिकटून राहिलं की रिसेप्टर प्रतिसाद देणं बंद करतो. 2006 मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दिसलं की एक-दोन झुरक्यांतच महत्त्वाच्या रिसेप्टरपैकी निम्मे व्यापले जातात आणि आख्ख्या सिगारेटीने 88 टक्क्यांहून जास्त. म्हणजे नेमाने ओढणाऱ्याच्या मेंदूत दिवसभर बहुतेक रिसेप्टर व्यापलेले आणि गप्प असतात. दुपारच्या सिगारेटीला चेतवायला फारसं कुणी जागंच नसतं. मग ती ओढायची कशाला? तर गप्प बसलेल्यांना गप्पच ठेवायला.

रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तास झोपलं की सोळाव्या हिश्शावर येतं. रिसेप्टर मोकळे होतात, एकेक करून जागे होतात आणि सगळे मिळून मागणी करतात. जाग आल्यावर जाणवणारी ती चिडचिड आणि अस्वस्थता हा त्यांचा गलका. पहिल्या सिगारेटीने तो थांबतो, शिवाय जागे असलेले रिसेप्टर खरोखरची किकही देतात.

त्यात भर म्हणजे मागणी करणारे आता संख्येनेही वाढलेले असतात. सतत चेतवलं तर पेशीने रिसेप्टर कमी करावेत, अशी आपली अपेक्षा. निकोटिनच्या बाबतीत उलटं होतं. ते पेशीच्या आत शिरून रिसेप्टरचे पाच तुकडे जुळवायलाच मदत करतं आणि धूम्रपान करणाऱ्याच्या मेंदूत हे रिसेप्टर इतरांपेक्षा जास्त सापडतात. सिगारेटीने ताण हलका होतो असं लोक मनापासून सांगतात. खोटं बोलत नाहीत ते. पण त्यातला बराचसा ताण आधीच्या सिगारेटीनेच मागे ठेवलेला असतो.

तरीही सगळं खापर रिसेप्टरवर फोडता येत नाही. सोडल्यावर सहा ते बारा आठवड्यांत त्यांची संख्या मूळ पदावर येते. चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत कळसाला पोचते आणि काही आठवड्यांत ओसरते. मग सहा महिन्यांनी, वर्षाने लोक पुन्हा का अडकतात?

कारण डोपामिनचं काम नुसता आनंद देणं नाही, तर ‘हे लक्षात ठेव’ असं बजावणंही आहे. एका सिगारेटीचे दहा झुरके धरले तर वीस सिगारेटींच्या पाकिटाचे दिवसाला दोनशे, वर्षाला 73 हजार. प्रत्येक झुरक्याच्या आसपास जे काही असतं, कपातली वाफ, फोनची घंटा, जेवणानंतरचा रिकामा हात, ते सगळं त्या बजावण्याला जोडलं जातं. इतका रियाज दुसऱ्या कुठल्या सवयीचा होत असेल? सिगारेट सोडण्यासाठी कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच या बाबतीत फिका पडतो तो म्हणूनच. तो तेच रसायन तासन्‌तास संथपणे झिरपवतो. गलका शमतो, पण झुरक्यानंतर काही सेकंदांत मिळणारी पोचपावती त्यात नसते. व्हॅरेनिक्लिन हे औषध त्याच रिसेप्टरवर बसून त्याला अर्धवटच चेतवतं आणि वर निकोटिनला जागा देत नाही. त्यामुळे मधेच कुणी सिगारेट ओढलीच तर ती पुष्कळ अळणी लागते.

तलफ म्हणून जे जाणवतं ते मेंदूत कुठे घडतं, याचा एक विलक्षण पुरावा 2007 मध्ये समोर आला. मेंदूला इजा झालेल्या 69 धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी झाली. त्यांतल्या 19 जणांच्या इन्सुला या भागाला इजा झाली होती. मेंदूच्या घडीत आत दडलेला हा भाग शरीराच्या आतल्या जाणिवांची नोंद ठेवतो. या 19 पैकी 13 जणांनी सिगारेट सोडली आणि त्यांतल्या 12 जणांना सोडताना त्रासच झाला नाही. त्यांपैकी एक चौदाव्या वर्षापासून ओढणारा होता, पुढे दिवसाला चाळीसहून जास्त. अठ्ठाविसाव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर त्याने सिगारेटीला हात लावला नाही. कसं जमलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, सिगारेट ओढायची इच्छा माझं शरीर विसरूनच गेलं.