घाण्याचं तेल आणि १९९८ चा आदेश : मराठवाड्यातल्या ‘बिनप्रक्रिया’ खाण्याची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही शहरात ‘लाकडी घाण्याचं शुद्ध तेल’ ही पाटी आता सवयीची झाली आहे. त्याच दुकानात बिनपॉलिशच्या डाळी, हातसडीचा तांदूळ, मोड आणायला गावरान मूग आणि काळपट गूळ मिळतो. जे कारखान्यात गेलं नाही ते पोटाला चांगलं, अशी ही धारणा. साखर आणि रक्तदाब घरोघरी पोचल्यावर ती जोरात पसरली.

हे खाणं मात्र इथे नवं नाही. करडईची कोवळी भाजी कच्चीच भाकरीबरोबर, हरभऱ्याचे ढाळे बांधावर बसून, कांदा बुक्कीने फोडून, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. ते कुणी तब्येतीसाठी करत नव्हतं, शेतात दुसरं काही नसायचं म्हणून करत. कच्च्या अन्नाला व्रताचं रूप देणारा विचार बाहेरून आला. साबरमतीच्या आश्रमात १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग झाला, पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि काही महिन्यांत तो थांबवावा लागला. इकडच्या शेतकऱ्याला त्याचं नवल वाटलं नसतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ (विषबाधा) लागते हे ज्याने गोठ्यात पाहिलंय, तो कच्चं ते सगळं पथ्याचं असं म्हणत नाही. हुरडासुद्धा आगटीत भाजूनच खातात.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल इतकं लिहून झालंय की इथे एवढंच पुरे: दुष्काळी कामावर सुकडी आली, रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) आला, मागोमाग संकरित ज्वारी वाढली आणि सणासुदीची चपाती हळूहळू रोजची झाली.

खरी उलथापालथ तेलात झाली. करडई हे कोरडवाहू काळ्या रानाचं रब्बी पीक. ज्वारीत तिचे पाटे, म्हणजे मधले पट्टे, टाकायचे, नाहीतर कडेने पेरायची. काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. कापणी पहाटे, दंव असताना, हाताला फडकी गुंडाळून. ऊन चढलं की काटे ताठ होतात आणि बोंडं फुटून बी गळतं. बी तेल्याकडे द्यायचं, तेल गाळून आणायचं, पेंड म्हशीला. जास्तीचं तेल आठवडी बाजारात मापाने, सुटं विकलं जायचं.

ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल निघालं. अंगावर सूज येऊन, हृदय निकामी होऊन ६० हून अधिक माणसं दगावली. सप्टेंबरमध्ये केंद्राचा आदेश निघाला: खाद्यतेल यापुढे बंद पॅकिंगमध्येच विकायचं, राज्य सरकारने सूट दिली तरच सुटं. अन्नसुरक्षेचे नियम २०११ मध्ये लागू झाले, त्यांतही हे बंधन कायम राहिलं. राज्याने सूट द्यायची तर कारण लेखी नोंदवून आणि ठरावीक मुदतीपुरतीच.

आदेशाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा होता. सुट्या तेलाला मालक नसतो. भेसळ सापडली तरी धरायचं कुणाला? पामतेल स्वस्त झाल्यावर तर कशातही काहीही मिसळलं जाऊ लागलं. हे खोटं नाही. पण धोतऱ्याचं बी बारीक आणि काळं, मोहरीत बेमालूम मिसळणारं. करडईचं बी पांढरं आणि टपोरं, त्यात धोतरा लपत नाही. मोहरीतल्या भेसळीसाठी आखलेला नियम करडईच्या घाण्यालाही जसाच्या तसा लागला. पॅकिंगचं यंत्र, छापील लेबल, परवाना, तपासणी हे सगळं मोठ्या गिरणीला जमलं. एका बैलावर चालणाऱ्या घाण्याला ते कुठून जमणार? भेसळ मोठ्या साखळीत झाली होती, कागदपत्रं मात्र ज्याच्या समोर उभं राहून गिऱ्हाईक तेल काढून नेत होतं त्याच्या गळ्यात पडली.

घाणे बंद पडायला तो एकटा आदेश कारण नव्हता, हेही खरं. पामोलिनची आयात १९९४ पासूनच खुली झाली होती. सोयाबीन सगळीकडे पसरत होतं आणि काट्यात हात घालायला मजूर मिळेनासा झाला होता. राज्यात कधीकाळी काही लाख हेक्टर असलेली करडई आता हजारांत मोजतात.

गंमत अशी की, याच करडईचं रिफाइंड तेल शहरात हृदयासाठी म्हणून विकलं जात होतं. कॉस्टिक सोड्याने आम्लता काढायची, मातीने रंग उतरवायचा, २०० अंशांच्या वर वाफ देऊन वास घालवायचा. आता तेच गिऱ्हाईक वास असलेलं, तळाशी गाळ बसणारं तेल जास्त पैसे देऊन नेतं. घाण्याच्या तेलाबद्दलच्या दाव्यांत अतिशयोक्ती बरीच आहे. नेहमीच्या करडईच्या तेलातलं सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल (ज्यासाठी ते हृदयाला चांगलं म्हणतात) घाण्यातही तेवढंच आणि रिफाइंडमध्येही तेवढंच. रिफायनिंगमध्ये जातो तो वास, रंग आणि थोडं ई जीवनसत्त्व. शेंगदाण्याच्या तेलात बुरशीचं विष असेल, तर तेही बरंचसं जातं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर भरडधान्याला १ रुपया किलो भाव ठरवला, तरी लोकांच्या पिशवीत पडले ते मुख्यतः २ रुपयांचे गहू आणि ३ रुपयांचे तांदूळ. २०१८ हे देशाचं आणि २०२३ हे जगाचं भरडधान्य वर्ष झालं, ज्वारीच्या भाकरीला हॉटेलात मान मिळाला. तेलबियांचं तसं वर्ष झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं आणि मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं पुन्हा उतरलं.

सुट्या तेलाचं बंधन विक्रीवर आहे. स्वतःचं बी आणून तेल गाळून नेलं तर ती विक्री होत नाही, पण घरचं बी आता आहे कुणाकडे? बिनकाट्याचे वाण निघालेत, काढणी हार्वेस्टरनेही होते. तरी सोयाबीन निघाल्यावर रानात ओल राहिली, की बहुतेक जण हरभराच पेरतात.