एका कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स : मशीन दुकानात आणण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून काउंटरवर एकच प्रश्न सारखा येतो : "आमच्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही म्हणतात. मग लिनक्स टाकू काय? आणि टाकलं तर टॅली जाईल काय?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच मशीन चालवणारी, पण फुकट मिळणारी सिस्टिम. टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, ते विंडोजवर चालतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीची मशीनं चांगली चालत असली तरी यादीत बसत नाहीत. ती भंगारात घालायची गरज नाही. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. अशा मशीनवरून बँकेचे व्यवहार करणं आम्हाला पटत नाही.

यावर आमचा तोडगा असा. विंडोज आहे तशी ठेवायची, शेजारी लिनक्स टाकायचं आणि कामं वाटून द्यायची. मेल, बँक, सातबारा, होमस्टेचं बुकिंग अशी ब्राउझरमधली सगळी कामं लिनक्समध्ये. टॅली, कोरल, पेजमेकर आणि श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट विंडोजमध्ये, शक्यतो नेट काढून. लग्नपत्रिका आणि दशावताराच्या जाहिराती करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी तर विंडोज काढायचा विचारही करू नये. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, आणि त्या फॉन्टचं टायपिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. युनिकोड मराठीला, म्हणजे मोबाइलवर आणि नेटवर दिसते तिला, मात्र लिनक्समध्ये काही अडचण नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता मिळतो.

टॅलीतूनच थेट ई-वे बिल काढत असाल तर ही वाटणी तुम्हाला जमायची नाही, कारण तिथे टॅलीलाच नेट लागतं. अशांनी नव्या मशीनचा विचार करावा. डिजिटल सहीच्या टोकनचं प्रत्येकाचं वेगळं असतं. टोकन सोबत आणा, समोर लावून बघू.

मशीन स्लो होईल का?

नाही. दोन सिस्टिम एका वेळी चालत नाहीत. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर यादी येते, बाणाच्या बटणाने हवी ती निवडायची आणि एंटर मारायचं. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर पहिली आपोआप सुरू होते. पहिली कोणती ठेवायची ते तुम्ही सांगा, आम्ही तशी लावून देतो. जी चालू असते तिला सगळी रॅम मिळते. वाटणी होते ती फक्त डिस्कची.

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. मोजायची पद्धत वेगळी असल्यामुळे तसं होतं, आम्ही काही काढून घेतलेलं नाही. त्यातले साधारण १५० विंडोजला, ६० लिनक्सला आणि उरलेले डेटासाठी असा आमचा नेहमीचा हिशोब. डेटाचा भाग दोन्हीकडून उघडतो, म्हणजे विंडोजमध्ये केलेलं बिल लिनक्समधून मेल करता येतं. डिस्क १२८ जीबीची असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, आधी डिस्क बदला. आत दुसऱ्या डिस्कला जागा असेल तर सर्वांत उत्तम : एका डिस्कवर एक, दुसरीवर दुसरी. एक बिघडली तरी दुसरीला धक्का लागत नाही.

डेटा

मशीन ठेवून घेण्याआधी आम्ही बॅकअपबद्दल विचारतो. नसेल तर आधी तो घेतो, मगच डिस्कला हात लावतो. विंडोजचा भाग लहान करताना फायली इकडच्या तिकडे हलतात आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली तर सगळंच अर्धवट राहतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून डेस्कटॉपचं हे काम आम्ही यूपीएसवरच करतो आणि लॅपटॉपची बॅटरी अगदीच गेलेली असेल तर तोही तिथेच जोडतो. बॅकअपची डिस्क मात्र मशीनशेजारच्या कपाटात ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच टेबलावर असलेल्यांचं दोन्ही एकदमच भिजलं. एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावात असू द्या.

पासवर्ड कोणाकडे आहे?

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आधीच कुलूपबंद असते. बिटलॉकर म्हणतात त्याला. बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, मांडणी बदलली की मशीन निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, आणि खातं असतं पुण्याच्या मुलाच्या नाहीतर ठाण्याच्या जावयाच्या मेलवर. किल्ली नसेल तर तो डेटा आम्हीच काय, कोणीच उघडू शकत नाही. तेव्हा घरून निघण्याआधी एक फोन करा आणि किल्ली लिहून आणा. ती मिळेपर्यंत आम्ही काम सुरू करत नाही, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा.

घरच्या घरी करणार असाल तर

करा, अवघड नाही. गणपतीत मुंबईचा पुतण्या येतो, दोन दिवसांत लिनक्स टाकतो आणि कोकण रेल्वेने परत जातो, तोवर सगळं छान चाललेलं असतं. पुढे महिन्याभराने कोणाला तरी जागा कमी पडते, तो विंडोजमधून लिनक्सचा भाग डिलीट करतो, आणि दुसऱ्या दिवशी मशीन ग्रब असं लिहिलेल्या काळ्या पडद्यावर थांबतं. सुरुवातीची यादी दाखवणारा ग्रब हा लिनक्सचाच भाग आहे. तो काढायचा तर आधी विंडोजचं स्वतःचं बूट परत बसवावं लागतं. असं मशीन आलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा विंडोज आत जशीच्या तशी असते.

दोन सिस्टिम नव्याने टाकायच्या असतील तर विंडोज आधी, लिनक्स नंतर. उलट केलं तर विंडोज स्वतःला पुढे लावते आणि यादी दिसेनाशी होते. दोन्ही एकाच पद्धतीने टाका, म्हणजे यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) तर दोन्हीकडे यूईएफआय. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप आठवणीने बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, मग लिनक्समधून डेटाच्या भागात फाइल वाचता येते पण सेव्ह होत नाही. "पेन ड्राइव्हवर सेव्ह होतं, डेटात होत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं कारण बहुधा हेच निघतं.

दुसरी तक्रार घड्याळाची. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे. बोर्डाची बॅटरी गेली असं समजून लोक नवा सेल घालतात, तरी परत तेच. सेल बिचारा ठीक असतो. मशीनमधल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली समजून वाचते. भारताची वेळ बरोब्बर साडेपाच तास पुढे, तेवढाच फरक पडतो. लिनक्समध्ये एक कमांड दिली की मिटतं : timedatectl set-local-rtc 1. आमच्याकडून नेलेल्या मशीनवर हे करूनच दिलेलं असतं.

विद्यार्थ्यांसाठी

कॉलेजात लिनक्सच्या कमांड शिकवतात एवढ्यासाठी डिस्कची वाटणी करू नका. विंडोज १० आणि ११ च्या आतच लिनक्स चालवायची सोय आहे, डब्ल्यूएसएल नावाची, आणि प्रॅक्टिकलना ती पुरते. पूर्ण डेस्कटॉप हवा असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आत खिडकीत दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर, पण रॅम निदान ८ जीबी पाहिजे. ही दोन्ही कामं फुकटात घरी होतात. अडलात तर दुकानात या, दाखवू.

पैसे आणि वेळ

उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या प्रकारांना परवान्याचे पैसे लागत नाहीत. आम्ही घेतो ते कामाचे, आणि बॅकअप किती मोठा त्यावर रक्कम ठरते. रक्कम आधी सांगतो. डाउनलोडचा खर्च नाही, कॉपी दुकानात असते. मशीन सकाळी दिलं तर शक्यतो दुसऱ्या दिवशी मिळतं. आंब्याच्या सीझनमध्ये बागायतदार आणि दलालांनी कृपया बिलिंगचं मशीन आणू नये. "माका टॅली आजच्या आज व्हयी" म्हणत समोर बसून राहिलात तरी बॅकअप आपल्याच वेगाने होतो. पेट्या संपल्या की निवांत आणा.

येताना मशीन, चार्जर, डिस्कची किल्ली, टोकन असल्यास टोकन आणि प्रिंटरचं मॉडेल कागदावर लिहून आणा. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सचा धड ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. तुमचा त्यातला निघाला तर काम सुरू करण्याआधीच सांगू, मग प्रिंट फक्त विंडोजमधून काढायची की काय ते तुम्ही ठरवा.